रन आऊट ऑफ

रन आऊट ऑफ हे इंग्रजीतलं रोजच्या वापरातलं फ्रेजल व्हर्ब, म्हणजे क्रियापदाला आऊट, ऑफ असे छोटे शब्द जोडून वेगळाच अर्थ देणारं. धावण्याशी याचा काही संबंध नाही, जवळचा साठा वापरून वापरून संपणं एवढाच अर्थ. आपल्याकडं साताऱ्या-सांगलीत सर्रास 'पेट्रोल इज ओव्हर' म्हणतात, भारतात ते समजतंही, पण इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला खटकतं, कारण तिकडं ओव्हर होते ती मॅच, शाळा, पिक्चर, वस्तू नाही.

खरी गडबड कर्त्यात आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासला निघालो आणि गाडी बंद पडली की आपण म्हणतो पेट्रोल संपलं, म्हणजे मराठीत पेट्रोल आपलं आपण संपतं. इंग्रजीत माणूस पुढं येतो, वुई रॅन आऊट ऑफ पेट्रोल. पेट्रोललाच कर्ता करायचं असेल तर ऑफ काढून टाकायचा, द पेट्रोल रॅन आऊट, हेही एकदम बरोबर. फक्त वॉज-वेअर मधे घुसवू नका, 'आय वॉज रन आऊट' म्हटलं की ऐकणारा तुम्हाला क्रिकेटमधे धावबाद समजणार.

काळ मात्र मराठीशी छान जुळतात. कासच्या फुलांच्या सीझनमधे रविवारी संध्याकाळी साताऱ्यात राजवाड्याजवळ एका दुकानात मी उभा होतो, कंदी पेढ्यांच्या ट्रेमधे कोपऱ्यात पाच-सहा पेढे आणि बाकी कागदावर नुसते तुपाचे डाग, तेव्हा काउंटरवरच्या पोरानं म्हणायला हवं होतं 'वुई आर रनिंग आऊट ऑफ पेढे', म्हणजे संपत आलेत. दहा मिनिटांनी ट्रे रिकामा झाला, आता 'वुई हॅव रन आऊट ऑफ पेढे', संपलेत. इथं हॅव रॅन म्हणायचं नाही, रूपं रन-रॅन-रन अशी चालतात, आणि ही चूक चांगलं इंग्रजी बोलणारेही करतात म्हणून मुद्दाम सांगतोय.

वेळ, पैसे, आयडिया, सहनशक्ती, सगळ्याला हे चालतं. 'आय ॲम रनिंग आऊट ऑफ पेशन्स' म्हणजे आता माझा अंत बघू नका. पण काम संपलं, पुस्तक वाचून संपलं याला चालत नाही, तिथं फिनिश. संपलं नाही पण कमी पडतंय असं असेल तर रन शॉर्ट ऑफ. आणि ऑफच्या जागी ऑन आला तर अर्थ पार वेगळा, रन आऊट ऑन म्हणजे बायकापोरांना, जोडीदाराला वाऱ्यावर सोडून निघून जाणं.