शंका विचारतात, संशय घेतात

तास संपत आला की शिक्षक फळ्याकडून वर्गाकडे वळतात आणि विचारतात, “कुणाला काही शंका?” “कुणाला काही संशय?” असं कोणी विचारत नाही. शब्दकोशात हे दोन शब्द एकमेकांच्या अर्थासाठी दिलेले सापडतील, पण मराठी कानाला त्यांतला फरक बरोबर कळतो. शंका विचारायची असते, संशय घ्यायचा असतो. शंकेचं समाधान होतं, संशय बळावतो. शंकेला उत्तर देणारं कुणीतरी समोर लागतं. संशय एकट्यानेही पोसता येतो. बोलण्याच्या ओघात आपण इतके काटेकोर नसतो, ‘माझ्यावर शंका घेतोस?’ असंही म्हणून जातो. पण ज्ञानाच्या व्यवहारात या दोघांची सरमिसळ झाली की माणसं जिवाला मुकतात, आणि यात अतिशयोक्ती नाही.

जुन्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या भारतीय शास्त्रात, मात्र संशय हाच मानाचा शब्द आहे. न्यायसूत्रांत सोळा पदार्थ, म्हणजे विचाराचे विषय, सांगितले आहेत. प्रमाण (जाणण्याचं साधन) आणि प्रमेय (जाणायची गोष्ट) यांच्यानंतर लगेच तिसरा येतो तो संशय. नेहमीचं उदाहरण अंधुक उजेडातलं: दूर काहीतरी उभं आहे, खांब की माणूस? उंची दोघांची सारखी, म्हणून मन हेलकावे खातं. पण नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्र मानणारा, तिथेच उभा राहत नाही. जवळ जातो, हातपाय दिसतात का ते बघतो. यादीतला नववा पदार्थ आहे निर्णय, म्हणजे दोन्ही बाजू तोलून केलेली निश्चिती. संशय तिथवर पोचण्यासाठीच असतो. आणि त्याच यादीत पुढे वितंडा आहे: स्वतःचं काहीही न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहायचं. वितंडवाद हा शब्द आपण आजही वापरतो. म्हणजे नैयायिकांचा संशय ती आपली शंका. आणि आज विज्ञानावर जो संशय घेतला जातो, तो पुष्कळदा त्यांची वितंडा असते.

शंका आणि वितंडा दोन्ही एकाच गोष्टीभोवती कशा उभ्या राहिल्या, हे सिगारेटच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू झपाट्याने वाढत होते. डॉक्टर रिचर्ड डॉल आणि संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनमधल्या रुग्णालयांतून रुग्णांच्या मुलाखती घ्यायला सुरुवात केली. डॉल यांचा स्वतःचा अंदाज होता की दोष मोटारींच्या धुराचा किंवा रस्त्यावरच्या डांबराचा निघेल. ते स्वतः सिगारेट ओढत होते. १९५० साली त्यांचे आकडे प्रसिद्ध झाले: फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या ६४९ पुरुषांत कधीच धूम्रपान न केलेले फक्त २ होते, तुलनेसाठी घेतलेल्या, दुसऱ्या आजारांच्या तितक्याच पुरुषांत असे २७ होते. डॉल यांनी अभ्यास संपायच्या आधीच सिगारेट सोडली होती. मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की त्यांची शंका आधी स्वतःच्याच अंदाजावर होती, आणि आकडे समोर आल्यावर त्यांनी स्वतःची सवय बदलली.

आता दुसरी बाजू. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकेतल्या चारशेहून अधिक वृत्तपत्रांत सिगारेट कंपन्यांचं एक जाहीर निवेदन छापून आलं. सिगारेटमुळेच हा कर्करोग होतो याला पुरावा नाही, तज्ज्ञांत एकमत नाही, आम्ही संशोधनाला मदत करू, असा त्याचा सूर होता. वाचायला किती समंजस वाटतं! एकेक वाक्य शंकेच्या भाषेत होतं. पण १९६९ सालच्या एका सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात खरं काय ते सरळ लिहिलेलं सापडलं: शंका हाच आमचा माल आहे, कारण लोकांच्या मनात जी तथ्यं आहेत त्यांच्याशी सामना करायचा तो उत्तम मार्ग आहे.

म्हणजे नुसत्या वाक्यावरून फरक ओळखता येत नाही. ‘पुरावा पुरेसा आहे का?’ हा प्रश्न डॉलही विचारत होते आणि कंपन्याही. फरक त्याच्या पुढच्या प्रश्नात आहे: काय दिसलं की तुमचं समाधान होईल? शंका घेणाऱ्याला याचं उत्तर देता येतं, आणि तो ते आधीच देऊन ठेवतो. संशय घेणारा प्रत्येक पुराव्यानंतर ‘अजून थोडा हवा’ म्हणतो, शंभर टक्के खात्री मागतो. तशी खात्री माणसाच्या आरोग्याबद्दल कुठल्याच अभ्यासातून मिळत नसते, हे त्यालाही ठाऊक असतं.

सीमारेषेवरचं एक उदाहरण रोनाल्ड फिशर यांचं. संख्याशास्त्रातलं हे फार मोठं नाव. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी विचारलं: ज्या आनुवंशिक घडणीमुळे माणूस सिगारेटकडे ओढला जातो, तिच्यामुळेच त्याला कर्करोगही होत नसेल कशावरून? प्रश्न अगदी रास्त होता. दोन गोष्टी बरोबरीने दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही, हे विद्यार्थ्यांना आजही शिकवावं लागतं. शिवाय या शंकेचं उत्तर शोधता येत होतं. डॉल आणि हिल यांनी १९५१पासून ब्रिटनमधल्या हजारो डॉक्टरांच्या सवयी आणि मृत्यूंची नोंद ठेवायला घेतली होती, आणि त्यातून पुढे दिसलं की सिगारेट सोडलेल्यांचा धोका न सोडणाऱ्यांपेक्षा कमी होत जातो. सिगारेट सोडल्याने कुणाची जनुकं बदलत नाहीत. फिशर १९६२मध्ये गेले. ते तंबाखू उद्योगाचे सल्लागार होते, हे खरं. तरी प्रश्नाला मी शंकाच म्हणेन. मात्र हे उत्तर मिळाल्यानंतरही जे तोच प्रश्न उगाळत राहिले, त्यांच्या तोंडी तो संशय झाला. शब्द तेच, पण वेळ टळून गेलेली.

स्वतःवर शंका घेण्याचं अलीकडचं उदाहरण इटलीतल्या ‘ऑपेरा’ प्रयोगाचं. सप्टेंबर २०११मध्ये या गटाने जाहीर केलं की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून ग्रान सास्सोच्या डोंगराखाली सुमारे ७३० किलोमीटर आलेले न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा साधारण ६० नॅनोसेकंद आधी पोचले. हे खरं असतं तर आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा पायाच हलला असता. ‘आम्हाला चूक सापडत नाही, तुम्ही शोधा’ अशीच त्यांची भूमिका होती. काही महिन्यांत ती सापडली: प्रकाशतंतूची एक केबल नीट जोडली गेली नव्हती. प्रवक्त्याने पुढे राजीनामा दिला. त्या वेळी यावर पुष्कळ हसणं झालं, ते मला अजूनही खटकतं. इतक्या ढोबळ चुकीपर्यंत पोचायलाही आधी स्वतःचं निरीक्षण सगळ्यांसमोर तपासायला ठेवावं लागतं.

आपल्याकडे पुण्यात २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी फलज्योतिषाबद्दलची शंका अशीच कसोटीला लावली. त्यांनी हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० अशा कुंडल्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या ४० कुंडल्या प्रत्येक ज्योतिषाला पाठवून विचारलं की कोणती कुंडली कुणाची. २७ ज्योतिषांची उत्तरं आली. त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवूनही पन्नासच्या आसपास येतात. ‘ज्योतिष थोतांड आहे’ असं नुसतं म्हणत राहिले असते तर तोही संशयच ठरला असता. त्यांनी उलट ज्योतिषांना जिंकायची संधी असलेला डाव मांडला. आकडे दुसरीकडे झुकले असते तर ते छापावे लागले असते.

आणि त्या डॉक्टरांच्या नोंदी? त्या थांबल्या नाहीत. पहिल्या काही वर्षांतच उत्तर बरंचसं हाती आलं होतं, तरी डॉल विचारत राहिले: किती वर्षांनी किती धोका, कोणत्या वयात सोडली तर काय? ३४ हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या नोंदींचा निष्कर्ष २००४ साली आला: आयुष्यभर सिगारेट ओढत राहिलेले, कधीच न ओढलेल्यांपेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षं आधी गेले. डॉल तेव्हा ९१ वर्षांचे होते.