एलएस इंजिनबदल

जुन्या मोटारीचे मूळ इंजिन उतरवून त्या जागी जनरल मोटर्स कंपनीच्या ‘एलएस’ कुळातील आठ सिलिंडरचे इंजिन बसवण्याची, मुख्यतः अमेरिकेतील हौशी कारागिरांमध्ये रुळलेली पद्धत. जुनी गाडी थोडक्या पैशांत दमदार आणि रोजच्या वापराला भरवशाची करणे हा तिचा हेतू असतो.

अमेरिकेत 1970 च्या दशकात धुरावरचे निर्बंध कडक झाले आणि इंजिनांची ताकद झपाट्याने घसरली. जनरल मोटर्सच्याच 1975 सालच्या शेव्हरोले कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचे 5.7 लिटरचे साधे इंजिन जेमतेम 165 अश्वशक्ती देत असे. 1997 मध्ये त्याच नावाच्या गाडीत आलेले एलएस1 हे तेवढ्याच आकारमानाचे इंजिन 345 अश्वशक्तीचे होते. शिवाय कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) सिलिंडरांच्या डोक्यावर न ठेवता ब्लॉकमध्येच, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य सांगाड्यातच, ठेवल्यामुळे हे इंजिन रुंदीला आणि उंचीला आटोपशीर राहिले, त्यामुळे ते अरुंद बॉनेटखालीही मावते.

ही पद्धत सामान्यांच्या आवाक्यात आली ती मात्र कॉर्व्हेटमुळे नव्हे, तर पिकअपमुळे. सिल्व्हराडो पिकअप आणि तिच्या जातकुळीतील टाहो, सबर्बन अशा मोठ्या गाड्यांमध्ये 1999 पासून याच कुळातील 4.8 आणि 5.3 लिटरची लोखंडी ब्लॉकची इंजिने फार मोठ्या संख्येने बसवली गेली, आणि अपघातात मोडीत निघालेल्या या गाड्या भंगाराच्या आवारांत सहज मिळू लागल्या. लोखंडी ब्लॉक ॲल्युमिनियमच्या ब्लॉकपेक्षा सुमारे 40 किलोने जड असतो, पण दणकट आणि स्वस्त असल्यामुळे बेताच्या खर्चात काम करणाऱ्याने तोच घेणे शहाणपणाचे ठरते.

तरीही इंजिनाची किंमत हा एकूण खर्चाचा एक भागच असतो; बाकीचे पैसे त्याच्याभोवतीच्या जुळवाजुळवीत जातात. इंजिन गाडीला जिथे बोल्टने बसते त्या ब्लॉकवरील माउंटिंगच्या जागा वेगळ्या असल्याने मध्ये जोडपट्ट्या घालाव्या लागतात. पिकअपचा ऑइल चेंबर खोल असतो आणि तो जुन्या कारच्या चासीच्या आडव्या पट्टीवर टेकतो, म्हणून तो काढून शेव्हरोलेच्या कॅमॅरो या कारच्या इंजिनाचा उथळ चेंबर लावतात. जुना शेव्हरोले गिअरबॉक्स नव्या इंजिनाला बोल्टने जोडता येतो, मात्र बहुतेक एलएस इंजिनांत क्रँकशाफ्टचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे टोक सुमारे 10 मिलिमीटर आत असते, तेवढी फट भरणारी चकती घालावीच लागते. जुन्या इंजिनातील कार्बोरेटरला पेट्रोलचा दाब अर्धा बारसुद्धा (बार हे दाबाचे एकक) लागत नाही, तर या इंजिनाच्या इंजेक्टरांना सुमारे 4 बार लागतो. तेव्हा पंप, नळ्या आणि फिल्टर हे सगळेच बदलणे आले. सिलिंडर हेडच्या वरच्या बाजूस साचणारी वाफ बाहेर काढणारी बारीक नळी रेडिएटरला जोडायची राहिली, तर पाणी पुरेसे असूनही इंजिन तापते.

सर्वांत किचकट काम वायरिंगचे. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर, म्हणजे एकाच कॉइलची वीज सिलिंडरांना आळीपाळीने वाटणारा भाग, नसतो. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असते आणि ठिणगी व इंधन यांचा सारा हिशेब संगणक ठेवतो. मूळ गाडीची चोरीविरोधी व्यवस्था या संगणकातून बंद केली नाही, तर इंजिन चालत नाही. म्हणून सुटे इंजिन स्वस्त दिसले तरी वायरिंग, संगणक, गिअरबॉक्स आणि अल्टरनेटरसह एकाच गाडीतून उतरवलेला संपूर्ण संच घेणे अखेर कमी खर्चाचे पडते. दुप्पट ताकदीच्या गाडीला जुने ड्रम ब्रेक ठेवणे धोक्याचे असल्याने पुढच्या चाकांच्या डिस्क ब्रेकचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे. पैसे वाचवण्याच्या भरात नेमके हेच कलम गाळले जाते.

कॅलिफोर्नियात धूरतपासणी लागू असलेल्या गाडीत बसवायचे इंजिन त्या गाडीइतके किंवा तिच्याहून नवे असावे लागते आणि त्याची मूळ प्रदूषणरोधक साधने शाबूत असावी लागतात. 1975 आणि त्यापूर्वीच्या गाड्यांना ही तपासणी नाही.

भारतात जुन्या सांगाड्यात नवे इंजिन घालण्याचे ठळक उदाहरण उत्पादकाने स्वतःच घडवले. मॉरिस ऑक्सफर्डवर आधारलेल्या अँबॅसडरमध्ये हिंदुस्थान मोटर्सने 1990 च्या दशकात इसुझूचे 1.8 लिटरचे इंजिन बसवले. गाडीमालकाला मात्र ही मोकळीक नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्रातील तपशील विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निकालात याला दुजोरा दिला. सीएनजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठीचे मान्यताप्राप्त संच बसवण्याची तरतूद याच कलमात आहे.