परभणीचा माठ मुंबईत गार का होईना?

मागच्या उन्हाळ्यात मावशीनं परभणीहून एक माठ मुंबईला नेला, एसटीत मांडीवर धरून, रस्ताभर जीव मुठीत घेऊन. आठ दिवसांनी फोन आला की कुंभारानं फसवलं, पाणी नुसतं कोमट राहतंय. त्याच भट्टीतला दुसरा माठ आमच्या ओसरीत होता आणि बाहेर 42 डिग्री असताना त्यातलं पाणी घशाला गार लागत होतं. कुंभाराची काही चूक नव्हती हो, फरक हवेचा होता.

कुंभार मातीत राख, लीद कालवतो, भट्टीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाणी पाझरून बाहेरच्या अंगावर येतं आणि उडून जातं. उडताना जास्त जोरात पळणारे, म्हणजे जास्त उष्णतेचे कण आधी निसटतात, मागं संथ कण राहतात, म्हणून उरलेलं पाणी थंड होतं. आता हिशोब बघा: 1 ग्रॅम पाणी 1 डिग्रीनं थंड करायचं तर त्यातून 1 कॅलरी उष्णता काढावी लागते, पण 1 ग्रॅम पाणी उडून जाताना जवळपास 580 कॅलरी घेऊन जातं! म्हणजे 10 लिटरचा माठ 10 डिग्रीनं गार करायला पावणेदोनशे ग्रॅम, एक पेलाभर पाणी उडालं तरी पुरतं. खरं तर बाहेरची उष्णता सारखी आत घुसत असते, म्हणून दिवसभरात त्याहून जास्त उडतं, आणि सकाळी काठोकाठ भरलेला माठ संध्याकाळी खाली गेलेला दिसतो तो नुसता पिण्यानं नाही.

पण पाणी उडायला हवेत जागा पाहिजे. आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की 42 डिग्री आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर पाणी नुसतं उडून उडून 22 डिग्रीच्या आसपासपर्यंत उतरू शकतं. माठ तिथपर्यंत पोचत नाही, पण बराच जवळ जातो. मुंबईत 34 डिग्री आणि 70 टक्के आर्द्रता धरा, तिथं ही हद्दच 29 डिग्री आहे. मावशीनं किती का चांगला माठ नेला असता, पाणी 29 डिग्रीच्या खाली जाणारच नव्हतं.

आजी माठाला ओलं पोतं गुंडाळायची, खाली ओली वाळू ठेवायची आणि जागा वाऱ्याच्या वाटेवरच पाहिजे म्हणून हट्ट धरायची. तेव्हा वाटायचं जुनी सवय आहे, पण पोत्यानं पाणी उडायची जागा वाढते आणि वारा भोवतालची दमट झालेली हवा सरकवून कोरडी हवा आणतो. दरवर्षी नवा माठ घ्यायचा यालाही कारण आहे, आपल्या बोअरचं पाणी जड, त्यातले क्षार छिद्रांत साचत जातात आणि माठ पाझरायचा थांबतो. बाजारात ऑइलपेंटनं रंगवलेले माठ मिळतात ते मला अजिबात पटत नाहीत, रंगानं छिद्रंच बुजतात, मग मातीचा काय फायदा?

कूलरचंही तेच. मेमध्ये खोली गार करणारा कूलर मिरगाचा पाऊस पडला की नुसता चिकचिक करतो, तो बिघडलेला नसतो. आणि चहा बशीत ओततो तेव्हा तो पातळ पसरून लवकर वाफ टाकतो, हेच.

आपलं अंगही एक माठच आहे. भर उन्हाळ्यात शेतातली माणसं गरम चहा पितात याचं मला लई नवल वाटायचं. 2012 साली कॅनडातल्या ओटावा विद्यापीठातल्या संशोधकांनी सायकल चालवणाऱ्यांना गरम पाणी पाजून बघितलं, तर अंगात साठलेली उष्णता थंड पाणी पिण्यापेक्षा कमी भरली, कारण घाम जास्त आला. अट एकच, तो सगळा घाम अंगावर वाळला पाहिजे. आपल्या कोरड्या हवेत तो वाळतो. पण पावसाच्या तोंडावर हवा कोंदते, ओसरीतल्या माठाचं पाणी गार होईना झालं की समजा घामही वाळत नाहीये, त्या दिवशी पारा 38 वर असला तरी दुपारचं खुरपणं बंद ठेवा आणि लेकराबाळांना, म्हाताऱ्यांना सावलीत बसवा.

मावशीच्या त्या माठात आता गोकर्णीचा वेल लावलाय.