लिहिण्याचा हेतू विसरलेला कर्नल

पावसाळी मासेमारीबंदीच्या जून-जुलैत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि त्याच सुमारास मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांतली वर्दळ वाढते. तिथे हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "फोन नीट चालतोय ना, मग अपडेट कशाला?" इतकी वर्षे वापरूनही जो दोष दिसला नाही तो नसणारच, असा समज त्यामागे असतो. अँड्रॉइड फोनच्या तळाशी असलेल्या लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे मेमरी आणि यंत्राचे इतर भाग सांभाळणाऱ्या गाभ्याच्या प्रोग्राममध्ये, 'डर्टी काऊ' नावाचा दोष २००७ पासून होता आणि तो ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्त झाला. तोवर कोट्यवधी यंत्रे त्या दोषासह नीटच चालत होती.

संगणकाची मेमरी पानांमध्ये विभागलेली असते. एक पान बहुधा ४०९६ बाइटचे. अनेक प्रोग्राम एकच फाइल वाचत असतील, तर कर्नल सर्वांना तेच पान दाखवतो. सामाईक जमिनीचा मूळ सातबारा सरकारी दप्तरी एकच असतो आणि ज्याला त्यावर खुणा करायच्या असतील त्याने आपली नक्कल काढून तिच्यावर त्या कराव्यात, तसाच हा व्यवहार आहे. एखाद्या प्रोग्रामने फाइल स्वतःपुरती जोडून घेतली असेल आणि तो पानावर लिहू लागला, तर त्याच क्षणी, आधी नव्हे, कर्नल त्याला खासगी नक्कल करून देतो. या पद्धतीला कॉपी-ऑन-राइट म्हणतात.

खरी गंमत यापुढे आहे. प्रोग्रामला आपलीच मेमरी एका खास फाइलच्या वाटेने लिहिता यावी अशी सोय लिनक्समध्ये आहे. डीबगरला, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधणाऱ्या साधनाला, ती लागते, म्हणून 'फक्त वाचा' असे ठरवलेल्या खासगी पानावरही ती जबरीने लिहू देते, अर्थात नक्कलेवर. कर्नल हातात 'लिहायचे आहे' असा फ्लॅग, म्हणजे हेतू सांगणारी खूणचिठ्ठी, घेऊन पान शोधतो, लिहिण्याजोगे पान सापडत नाही, म्हणून नक्कल तयार करतो. पण मूळ जोडणी 'फक्त वाचा' अशी असल्यामुळे त्या नक्कलेवरही लिहिण्याची परवानगी नसते. तोच फ्लॅग घेऊन पुन्हा शोधले, तर पुन्हा नकार मिळेल आणि हे चक्र कधीच थांबणार नाही. म्हणून जुन्या कोडमध्ये नक्कल झाल्यावर तो फ्लॅगच काढून टाकला जाई. नक्कल तर झालीच आहे, आता जे पान सापडेल ते नक्कलच असेल, असा त्यामागचा विचार.

हे गृहीतक फसते ते नक्कल होणे आणि पुढचा शोध यांच्यामधल्या अतिसूक्ष्म फटीत. त्याच प्रोग्रामचा दुसरा थ्रेड, म्हणजे त्याच वेळी समांतर चालणारा दुसरा धागा, नेमक्या त्या वेळी कर्नलला 'हे पान मला नको' असे कळवतो आणि नक्कल टाकून दिली जाते. पहिला थ्रेड पुन्हा पान शोधतो, तेव्हा त्याच्याजवळ लिहिण्याचा फ्लॅग उरलेला नसतो. साधे वाचनच तर आहे, असे समजून कर्नल त्याला फाइलचे मूळ पान देतो आणि आधीपासून ठरलेले लिखाण त्या मूळ पानावर होते. अशा रीतीने साधा वापरकर्ता प्रशासकाच्या मालकीची फाइल बदलू शकतो आणि तिच्या आधारे सगळे यंत्र ताब्यात घेऊ शकतो.

असा योग चुकून क्वचितच जुळेल, हे खरे. परंतु हल्ला करणारा योगाची वाट पाहत बसत नाही, तो दोन्ही थ्रेड लाखो वेळा फिरवत ठेवतो. दसऱ्याला संगणकाला हळदकुंकू वाहण्यामागे कृतज्ञता असते, ती मला मान्य आहे. यंत्रावर लिंबू-मिरची टांगून अपडेट पुढे ढकलणे मात्र कदापि मान्य नाही, कारण ही फट कोडमध्ये आहे आणि ती कोडनेच बुजते.

लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१६ मध्ये ती बुजवली ती मोजक्या ओळींत. लिहिण्याचा फ्लॅग काढणे त्यांनी बंद केले. त्याच्या जोडीला 'नक्कल करून झाली आहे' असे सांगणारा नवा फ्लॅग ठेवला, आणि हाती आलेल्या पानावर 'डर्टी' ही खूण, म्हणजे पान बदलले गेल्याची नोंद, आहे की नाही हेही तपासले जाऊ लागले. नक्कलेवर ती खूण असे. नक्कल मध्येच टाकून दिली गेली असेल, तर नव्याने आलेल्या मूळ पानाच्या नोंदीवर ती नसे, म्हणून कर्नल लिहू न देता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. हेतू शेवटपर्यंत जपायचा आणि वापराच्या क्षणी खात्री करायची, एवढ्यावर ही दुरुस्ती उभी आहे, आणि मला ती फार देखणी वाटते.

टोरवाल्ड्स यांनी त्याच्या अकरा वर्षे आधी, म्हणजे २००५ मध्येही या दोषाच्या मुळाशी असलेली फट बुजवण्याचा प्रयत्न केला होता. मात्र आयबीएमच्या एस-३९० या मोठ्या संगणकांवर त्यातून अडचणी आल्यामुळे तो बदल मागे घेतला गेला. दोन थ्रेडांमधली ही वेळेची शर्यत तेव्हा केवळ तात्त्विक मानली जात होती. पुढे मेमरी व्यवस्थापन बदलत गेले आणि ती प्रत्यक्षात घडवून आणणे सोपे झाले.

२०१६ च्या दुरुस्तीतही एक जागा सुटली होती. कर्नल काही वेळा २ मेगाबाइटची महाकाय पाने वापरतो आणि त्यांच्या बाबतीत नुसत्या वाचनानेही 'डर्टी' खूण लागू शकत होती. त्यामुळे नक्कल झालेली नसतानाही ती झाली आहे असा समज होई. २०१७ च्या अखेरीस तेही सुधारले गेले: लिहिण्याचा फ्लॅग असेल तरच ती खूण लावायची.