स्त्रीधन परत केलं म्हणजे पोटगी फिटत नाही

सोडचिठ्ठीची बैठक बसली की विदर्भातल्या गावांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "दागिने, भांडी, आलमारी सारं देऊन टाकलं, आता पोटगी कायची?" मुलीकडचेही कमी नाहीत. "पाच लाख द्या अन् मोकळे व्हा," म्हणतात. त्या पाच लाखांत तिचे दागिने किती आणि पुढच्या आयुष्याचा खर्च किती, हे कोणी विचारत नाही. पंच उठतात, चहा होतो, आणि दोन वेगळ्या गोष्टींचा एकच आकडा कागदावर चढतो.

स्त्रीधन ही तिचीच वस्तू आहे, फक्त सासरच्या घरात असलेली. माहेरून आलेलं आंदण, मामा-काकांचा आहेर, सासरच्यांनी अंगावर घातलेली पोत आणि पाटल्या, लग्नानंतर सणावाराला मिळालेलं, सगळं यात येतं. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचं १४ वं कलम अशा मालमत्तेची तिला पूर्ण मालकी देतं. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे दागिने सासरी ठेवले म्हणून ते सामाईक होत नाहीत. नवरा किंवा सासू ते फक्त सांभाळत असतात. मागूनही दिले नाहीत तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो. आता तो भारतीय न्याय संहितेच्या ३१६ व्या कलमात आहे.

पोटगीचं मूळच वेगळं. ती येते नवऱ्याच्या मिळकतीतून आणि ठरते गरजेवर: तिला स्वतःचं उत्पन्न किती, त्याला किती, लेकरं कोणाजवळ, लग्नात दोघं कसे राहत होते. खटला चालू असताना मागायची असेल तर हिंदू विवाह कायद्याचं कलम २४, निकालाबरोबर किंवा नंतर कायमची मागायची तर कलम २५. घटस्फोटाचा खटला नसला तरी पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या (सीआरपीसी) कलम १२५ च्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली अर्ज करता येतो. घटस्फोट झालेली बाईही, दुसरं लग्न केलं नसेल तोवर, तिथे अर्ज करू शकते.

फरक खरा कळतो तो पुढे काय होतं यावरून. तिने दुसरं लग्न केलं तर पोटगी थांबू शकते. पाटल्या मात्र तिच्याच राहतात. ती कमावती असेल तर पोटगी कमी होईल किंवा मिळणारही नाही. स्त्रीधनाला तिच्या पगाराशी काही देणंघेणं नाही. नवऱ्याची परिस्थिती बदलली तर न्यायालय पोटगी कमी-जास्त करू शकतं, पण "यंदा सोयाबीन गेलं" म्हणून कोणाची पोत अर्धी परत करता येत नाही.

पोत गहाण असते, ही आपल्याकडची नेहमीची अडचण. मृग लागला की बियाणं-खतासाठी बायकोचं सोनं सराफाकडे किंवा बँकेत जातं, आणि पीक बुडालं की ते सुटत नाही. मग बैठकीत नवरा म्हणतो, "घरासाठीच तर ठेवलं होतं." २०२४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने यावर स्पष्ट बोट ठेवलं: अडचणीत नवरा स्त्रीधन वापरू शकतो, पण ते किंवा त्याची किंमत परत करणं त्याचं कर्तव्य आहे. त्या बाईचं ८९ पवन (एक पवन म्हणजे आठ ग्रॅम) सोनं होतं. मूळ दावा ८ लाख ९० हजारांचा, पण मध्ये गेलेली वर्षं लक्षात घेऊन न्यायालयाने २५ लाख द्यायला लावले. म्हणून माझं सांगणं असं, की यादीत दागिन्यांची नुसती किंमत लिहू नका, वजनही लिहा. लग्नात दिलेल्या वस्तूंची यादी करून दोघांच्या सह्या घ्याव्यात असा नियम १९८५ पासून आहे, हे बहुतेक गावांत कोणाला ठाऊक नाही. यादी नसेल तर सराफाच्या पावत्या, लग्नाचे फोटो, आहेराची वही, जे असेल ते जमवा.

हुंड्याचं काय? तो देणं-घेणं गुन्हाच. पण घेतलाच असेल तर १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे तो पैसाही त्या बाईला द्यावा लागतो. "हुंडा बेकायदेशीर, म्हणून परत मागता येत नाही," असं सांगणारे पाहुणे कायदा अर्धाच वाचतात.

आता वावराकडे येऊ, कारण बैठक खरी तापते ती तिथेच. "बायको हाय, अर्धा हिस्सा बनते तिचा," असं मुलीकडच्यांना वाटतं आणि मुलाकडच्यांना त्याचीच धास्ती. हिंदू कायद्यात घटस्फोटाने नवऱ्याच्या जमिनीची वाटणी होत नाही. गैरसमज कुठून आला असेल तेही दिसतं. नवरा वारला की विधवेचं नाव फेरफाराने सातबाऱ्यावर चढतं, पण ते वारस म्हणून. घटस्फोटानंतर तो वारसाहक्क उरत नाही. घटस्फोटात पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेतून वाटा देऊ पाहणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण लोकसभेचा टप्पा पार न करताच बारगळलं. लेकरांचं मात्र तसं नाही. आई-बाप वेगळे झाले तरी वडिलोपार्जित जमिनीतला मुलाचा आणि मुलीचाही हिस्सा शाबूत राहतो.

जमीन तिच्याच नावे असेल तर प्रश्न वेगळा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत कित्येक नवऱ्यांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली होती. अशी जमीन तिची, घटस्फोटाने ती परत जात नाही. माहेरच्या वाटणीतून आलेलं वावरही तिचंच. खरेदीखत तिच्या नावे आणि पैसा नवऱ्याचा असेल तर मात्र वाद होऊ शकतो, तेव्हा कागद जपा. घरकुल कोणाच्या नावे मंजूर झालं आणि ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर कोणाचं नाव आहे, तेही आधीच पाहून घ्या.

नवऱ्याचं वावर वाटलं जात नसलं, तरी पोटगी ठरवताना ते मोजलं जातं. हा मुद्दा बैठकीत सर्रास सुटतो. २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मिळकत आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं, आणि शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुनाच ठरवून दिला. जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, पीक कोणतं, बटईने कसता का, गुरंढोरं किती, गेल्या तीन वर्षांचं उत्पन्न किती, हे त्यात लिहावं लागतं. दिग्रसकडची पाच एकर कोरडवाहू कपाशी आणि वरुड-मोर्शीकडचा पाच एकर संत्र्याचा बगीचा सातबाऱ्यावर क्षेत्राने सारखे दिसतील, पोटगीच्या हिशोबात दिसणार नाहीत. पगाराच्या २५ टक्के पोटगी मिळते असं जे ऐकायला येतं, तो नोकरदाराच्या एका खटल्यातला आकडा. शेतकऱ्याला तो जसाच्या तसा लावता येत नाही.

पोटगी बुडू नये म्हणून हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली न्यायालय नवऱ्याच्या जमिनीवर बोजाही चढवू शकतं. सोसायटीच्या कर्जाचा बोजा आपल्याला पाठ असतो, हा मागायचं मात्र कोणाला सुचत नाही. खटल्याची चाहूल लागताच वावर भावाच्या नावे बक्षीस करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं: फुकटात जमीन घेणाऱ्याविरुद्धसुद्धा तिचा पोटगीचा हक्क उभा राहू शकतो.

हे सगळं कोणाला लागू? बौद्ध कुटुंबांना हिंदू विवाह कायदाच लागतो. गोंड, कोरकू, कोलाम अशा अनुसूचित जमातींना तो लागत नाही, त्यांच्यात रूढी चालते. पण कलम १४४ आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा सर्वांसाठी आहेत, आणि या दुसऱ्या कायद्याखाली न्यायदंडाधिकारी स्त्रीधन परत द्यायचा आदेशही करू शकतो. मुस्लिम घटस्फोटितेला जुन्या कलम १२५ खाली पोटगी मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेली फारकत मात्र, जातीत किंवा जमातीत तशी सिद्ध रूढी नसेल तर, घटस्फोट होत नाही.

आपसात मिटवत असाल तर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जात दोन गोष्टी दोन परिच्छेदांत लिहा. एकात वस्तू आणि वजनासह स्त्रीधन, मिळाल्याची तारीख घालून. दुसऱ्यात पोटगी, एकरकमी की महिन्याची. "यापुढे कोणताही हक्क राहणार नाही" या ओळीवर सही करण्याआधी ती कशाकशाला लागू होते ते वकिलाकडून वाचून घ्या. लेकरांच्या खर्चाचा हक्क आईला असा सोडून देता येत नाही. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती बाईला मोफत देते, तिथे उत्पन्नाची अट नाही. पोटगी, घटस्फोट आणि मालमत्तेच्या दाव्यांत महाराष्ट्रात बायकांना १९९४ पासून कोर्ट फीही माफ आहे. कलम १४४ ची पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करा, नाहीतर तो महिना हातचा जातो.

आणि बचत गटाचं कर्ज. ते तिच्या नावे असतं, पैसा बहुतेक वेळा नवऱ्याच्या पेरणीत गेलेला असतो. ते कोण फेडणार हे समझोत्यात लिहिलं तरी बँक आणि गटातल्या बाया हप्ता तिलाच मागतील. म्हणून ती रक्कम सही होण्याआधी फेडून घ्या, आणि बेबाकीचा, म्हणजे कर्ज फिटल्याचा, दाखला अर्जाला जोडा.