११५ मधून १०५ गेले, मग ८ कसे उरले?

"काऊन बे, अफगाणिस्ताननं केले ११५. बांगलादेश १०५ वर ऑल आउट. मंग आठ रननं कसा जिंकला? दहानं पायजे होता ना!"

"रनरेट लावला असन."

२५ जून २०२४ ला सकाळी टी-ट्वेंटी विश्वचषकातला तो सामना संपला. आमच्याकडे, यवतमाळच्या बाजूला, ते पेरणीचे दिवस. तिफण जुंपायची सोडून लोक पानठेल्यावर मोबाइल पाहत उभे होते. सवाल अगदी रास्त होता, उत्तर मात्र चुकलेलं. त्या दोन धावा डकवर्थ-लुईसनं खाल्ल्या होत्या, रनरेटचा त्यात हात नव्हता. आणि 'अफगाणिस्तान रनरेटवर सेमीफायनलला गेलं' असं जे अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं, तेही खरं नाही. गटात त्यांचे ४ पॉइंट होते, ऑस्ट्रेलियाचे २. रनरेट पाहायची वेळच आली नाही.

डकवर्थ-लुईस एका सामन्यापुरतं असतं: पावसानं ओव्हर खाल्ल्या, तर हा सामना कोण जिंकलं? नेट रन रेट पॉइंट टेबलचा असतो: दोन संघांचे पॉइंट सारखे झाले, तर वर कोण? पहिल्याचा निकाल मैदानावर लागतो, दुसऱ्याचा सगळे सामने झाल्यावर. गोंधळ होतो कारण दोन्हींत धावा आणि ओव्हर यांचाच खेळ आहे आणि टीव्हीवर दोन्ही आकडे एकाच पट्टीत सरकत असतात. शिवाय गावातल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांमधून यातलं काहीच शिकायला मिळत नाही. त्या नॉकआउट असतात, हरला तो घरी गेला, त्यामुळे पॉइंट टेबलच नसतं. पाऊस आला तर आयोजक आणि दोन कॅप्टन मिळून काय ते ठरवतात, आणि भांडण झालंच तर सामना दुसऱ्या दिवशी सकाळी.

आधी डकवर्थ-लुईस घेऊ, कारण लोकांचा खरा राग त्याच्यावर आहे.

त्याच्या आधीचे नियम किती वाईट होते हे आजच्या पोट्ट्यांना ठाऊक नाही. १९९२ च्या विश्वचषकात सिडनीच्या सेमीफायनलमध्ये दक्षिण आफ्रिकेला १३ चेंडूंत २२ धावा हव्या होत्या. थोडा पाऊस आला, आणि परत मैदानात उतरले तेव्हा १ चेंडूत २१. त्या वेळच्या नियमात ओव्हर कमी करताना पहिल्या संघाच्या सगळ्यात कमी धावांच्या ओव्हर वगळत. म्हणजे इंग्लंडच्या ज्या ओव्हर आफ्रिकेनं चांगल्या टाकल्या होत्या, त्यांचीच शिक्षा आफ्रिकेला. पुढे फ्रँक डकवर्थ आणि टोनी लुईस या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी नवी पद्धत बांधली. १ जानेवारी १९९७ ला हरारेत झिम्बाब्वे-इंग्लंड सामन्यात ती पहिल्यांदा लागली. नंतर ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक स्टीव्हन स्टर्न यांनी ती सुधारली, म्हणून आता पाटीवर 'डीएलएस' दिसतं. डकवर्थ गेले ते २१ जून २०२४ ला, याच विश्वचषकाची सुपर एट फेरी चालू असताना.

त्यांच्या पद्धतीचा गाभा असा, की संघाकडे फक्त ओव्हर शिल्लक नसतात, विकेटही असतात, आणि दोन्ही मिळून त्याची ताकद ठरते. कापूस वेचणीचं पाहा ना. संध्याकाळपर्यंत किती कापूस निघेल हे नुसत्या उरलेल्या तासांवरून कोणी सांगत नाही, वावरात बाया किती आहेत तेही पाहतो. दहा बाया असताना पावसानं एक तास खाल्ला तर मोठं नुकसान. तीनच उरल्या असताना तोच तास गेला, तर फारसं बिघडत नाही.

आता किंग्जटाउनला या. सेंट व्हिन्सेंट बेटावरच्या या मैदानात अफगाणिस्ताननं ५ बाद ११५ केले, म्हणजे बांगलादेशला ११६ हवेत. ११.४ ओव्हरला ७ बाद ८१ असताना पाऊस आला, एक ओव्हर कमी झाली, आणि टार्गेट झालं १९ ओव्हरमध्ये ११४. पानठेल्यावर इथंच गलका. एक ओव्हर गेली आणि धावा दोनच कमी? सहाच्या रेटनं सहा तरी जायला पाहिजे होत्या! पण सात विकेट गेलेल्या संघाच्या एका ओव्हरची किंमत तेवढीच. पहिल्या ओव्हरच्या आधीच ती ओव्हर कापली असती, तर टार्गेट जास्त उतरलं असतं.

मग बांगलादेश १७.५ ओव्हरमध्ये १०५ वर आटोपला. लिटन दास ५४ वर नाबाद राहिला. नवीन-उल-हक आणि राशिद खान यांनी प्रत्येकी ४ बळी घेतले. टार्गेट ११४, म्हणजे बरोबरीचा आकडा ११३. त्यातून १०५ गेले, उरले ८. ११५ चा आकडा स्कोअरकार्डावर राहिला, विजयाचा फरक मोजताना तो कामाचा नव्हता.

अफगाणिस्तानच्या गुलबदीन नैबचं मैदानात पडणंही याच पावसातलं. प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट बाहेरून हातानं 'हळू घ्या' असं खुणावत होते, आणि स्लिपमध्ये उभा असलेला गुलबदीन पाय धरून एकदम आडवा झाला. त्या क्षणी बांगलादेश पार स्कोअरच्या, म्हणजे खेळ तिथंच थांबला तर बरोबरीला लागणाऱ्या आकड्याच्या, दोन धावा मागे होता. तिथंच सामना थांबला असता तर अफगाणिस्तान जिंकलं असतं, म्हणून एकेक चेंडू लांबवण्यात त्यांचा फायदा. नंतर हाच गडी धावत येऊन बॉलिंग टाकून गेला, एक विकेटही घेतली. दुखणं खरं होतं का? मला नाही वाटत. पण पार स्कोअर पाहून केलेलं ते नाटक होतं, रनरेट पाहून केलेलं नाही, एवढं नक्की.

आणि तरीही त्याच सामन्यात रनरेटही होताच. हाच खरा गुंता.

सुपर एटच्या त्या गटात भारत ६ पॉइंट घेऊन पुढे गेला होता. ऑस्ट्रेलियाचे सामने संपले होते, त्यांचे २ पॉइंट होते. अफगाणिस्तानचेही २. बांगलादेश शून्यावर. अफगाणिस्तान जिंकलं तर ४, विषय संपला. पण बांगलादेश जिंकला असता तर तिघांचे २-२ झाले असते आणि रनरेट काढावा लागला असता. त्या हिशेबात ११६ धावा १२.१ ओव्हरमध्ये काढल्या तर बांगलादेश पुढे. त्याहून सावकाश जिंकले, तर ना बांगलादेश ना अफगाणिस्तान, घरबसल्या ऑस्ट्रेलिया! पाऊस आला तेव्हा १२.१ ला तीन चेंडू उरले होते आणि हव्या होत्या ३५ धावा. बांगलादेशचं पुढे जाणं संपलंच होतं, सामना मात्र जिवंत होता. त्यानंतर ते जिंकले असते तर ऑस्ट्रेलियासाठी.

नेट रन रेट काढायला अवघड काही नाही. त्या फेरीतल्या सगळ्या सामन्यांत काढलेल्या धावा भागिले खेळलेल्या ओव्हर. त्यातून वजा करा दिलेल्या धावा भागिले टाकलेल्या ओव्हर. लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, १२.१ ओव्हर म्हणजे बारा आणि एक षष्ठांश, कॅल्क्युलेटरवर १२.१ टाकलं की उत्तर बिघडतं. दोन, संघ ऑल आउट झाला तर खेळलेल्या ओव्हर धरत नाहीत, पूर्ण कोटा धरतात. म्हणून बांगलादेशच्या १०५ धावा १७.५ ओव्हरच्या नाही, १९ ओव्हरच्या मोजल्या गेल्या. ऑल आउट होणं रनरेटला एवढं महागात का पडतं, ते इथं कळतं.

आणि या दोन पद्धती एका जागी खरोखरच एकमेकींना भिडतात. सामन्याचा निकाल डकवर्थ-लुईसनं लागला, तर रनरेटमध्ये पहिल्या संघाच्या खऱ्या धावा धरत नाहीत, टार्गेटपेक्षा एक कमी धरतात. अफगाणिस्तानचा हिशेब मांडून पाहा. काढलेल्या: भारताविरुद्ध १३४, ऑस्ट्रेलियाविरुद्ध १४८ आणि बांगलादेशविरुद्ध ११३. एकूण ३९५, ओव्हर ५९, म्हणजे ६.६९५. दिलेल्या: १८१, १२७ आणि १०५. एकूण ४१३, ओव्हर ५९, बरोबर ७. वजाबाकी उणे ०.३०५, आणि टेबलवरही हाच आकडा होता. ११५ टाकून हिशेब केला तर तो कधीच जुळत नाही.

याहून विचित्र उदाहरण ऑस्ट्रेलियाचं आहे. त्यांच्याविरुद्ध बांगलादेशनं २० ओव्हरमध्ये ८ बाद १४० केले होते. ऑस्ट्रेलिया ११.२ ओव्हरमध्ये २ बाद १०० असताना पावसानं खेळ संपला, ऑस्ट्रेलिया २८ धावांनी विजयी. तिथला पार स्कोअर ७२. म्हणून रनरेटच्या वहीत बांगलादेशच्या नावावर १४० ऐवजी ११.२ ओव्हरमध्ये ७२ लागले. तेच १०० आणि ७२ पुढच्या १२.१ च्या गणितातही होते. पानठेल्यावर कोणी १४० धरून हिशेब करत बसला असेल, तर त्याचा अख्खा दिवस त्यातच गेला असेल.

अफगाणिस्ताननं साखळी फेरीत युगांडाला १२५ धावांनी आणि न्यूझीलंडला ८४ धावांनी हरवून कमावलेला भरघोस रनरेट सुपर एटमध्ये काहीच कामाचा नव्हता. त्या फेरीत सगळ्यांची पाटी कोरी होते.

हे गणित न कळल्याची किंमत अफगाणिस्ताननं आधी मोजली होती. ५ सप्टेंबर २०२३, लाहोर, आशिया कप. श्रीलंकेनं २९१ केले आणि रनरेटवर पुढे जायला अफगाणिस्तानला २९२ धावा ३७.१ ओव्हरमध्ये हव्या होत्या. ३७.१ ला ते २८९ वर होते, त्याच चेंडूवर मुजीब बाद झाला, नववी विकेट. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण संपलं नव्हतं. जिंकताना शेवटचा फटका मोठा बसला तर रनरेट आणखी वाढतो, ३७.४ पर्यंत २९५ झाले असते, तरी ते पात्र ठरले असते. हे त्यांच्या ड्रेसिंग रूमला कोणी सांगितलंच नव्हतं. फझलहक फारूकीनं दोन चेंडू अडवले आणि तिसऱ्यावर तो पायचीत झाला. समोर राशिद खान २७ वर नाबाद उभा. संघ सामनाही २ धावांनी हरला.

डकवर्थ-लुईसमधली अशीच घटना ३ मार्च २००३ ची, डर्बनच्या दक्षिण आफ्रिका-श्रीलंका सामन्यातली. पाऊस येणार हे दिसत होतं. मार्क बाउचरनं मुरलीधरनला षटकार मारला, धावसंख्या २२९ झाली, आणि आफ्रिकेला वाटलं काम झालं. पुढचा चेंडू त्यानं नुसता अडवला. २२९ हा बरोबरीचा आकडा होता, जिंकायला २३० हवे होते. सामना टाय झाला आणि यजमान संघ विश्वचषकाबाहेर. दोन्हीकडे मैदानावर खेळ चोख होता, कागद वाचण्यात घोळ झाला. मला विचाराल तर लाहोरची चूक जास्त माफ करण्यासारखी आहे. पार स्कोअरचा तक्ता हातात असतो, रनरेटच्या त्या पुढच्या पायऱ्या कोणी लिहून दिल्याशिवाय सुचत नाहीत.

अफगाणिस्तानची मोठी शिकार पाहायला आम्हा वैदर्भीयांना तशी टीव्हीची गरज नव्हती. २०१६ च्या विश्वचषकात नागपूरजवळच्या जामठ्याला त्यांनी वेस्ट इंडिजला ६ धावांनी हरवलं होतं, आणि तोच वेस्ट इंडिज पुढे आठवड्याभरात चॅम्पियन झाला. तेव्हा पाऊस नव्हता आणि रनरेटही नाही, म्हणून त्या सामन्यावर वाद घालायला आजही काही सापडत नाही. २०२४ ची वाटचाल त्रिनिदादमध्ये ५६ वर ऑल आउट होऊन थांबली. दक्षिण आफ्रिकेनं सेमीफायनल ९ विकेटनं नेली.

त्यानंतरची २०२५ ची चॅम्पियन्स ट्रॉफी मात्र दोन्ही पद्धती लागोपाठ दाखवून गेली. लाहोरला अफगाणिस्ताननं २७३ केले, ऑस्ट्रेलिया १२.५ ओव्हरमध्ये १ बाद १०९, आणि पाऊस. "ऑस्ट्रेलिया एवढी पुढं होती, मंग तिले जिंकवलं काऊन नाई?" कारण पन्नास ओव्हरच्या सामन्यात दुसऱ्या संघाच्या किमान २० ओव्हर झाल्याशिवाय डकवर्थ-लुईस लागत नाही, टी-ट्वेंटीत ५ पुरतात. सामना अनिर्णित, एकेक पॉइंट, आणि असा सामना रनरेटमध्ये धरतच नाहीत.

मग आला रनरेट. अफगाणिस्तान आणि दक्षिण आफ्रिका दोघांचे ३ पॉइंट, आफ्रिकेचा एक सामना बाकी, इंग्लंडशी. अफगाणिस्ताननं इंग्लंडला ८ धावांनी हरवलं होतं आणि आफ्रिकेशी १०७ नं हरले होते, म्हणजे दोन सामन्यांत ९९ चा घाटा. १०० ओव्हरवर वाटला की उणे ०.९९. आफ्रिकेकडे ती १०७ ची कमाई होती. तिचा उणे १०० करायचा, तर इंग्लंडनं आधी बॅटिंग करून २०७ धावांनी जिंकायला हवं होतं. इंग्लंड १७९ वर ऑल आउट झालं. २०७ चा फरक पाडायला तेवढ्या धावाच नव्हत्या, त्यामुळे आफ्रिकेची बॅटिंग सुरू व्हायच्या आधीच अफगाणिस्तान स्पर्धेबाहेर होतं.