कवटी घरी नेण्याआधी हे वाचा

आमच्या दुकानातून घेतलेली ही अभ्यासाची कवटी पिशवीतून काढताना डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलू नका. पहिल्यांदा हातात घेणारे बहुतेक जण तसंच उचलतात, कारण तिथे बोटं आपसूक बसतात. पण खोबणीची नाकाकडची भिंत फार पातळ असते. तिचं नावच लॅमिना पॅपिरेशिया, म्हणजे कागदासारखा पत्रा. गालाच्या हाडाच्या कमानीला धरूनही उचलू नका. एक हात तळाखाली, एक डोक्यावर, असं धरा. टेबलावर ठेवाल तेव्हा खाली चुंबळ हवीच. सोबत सुती कापडाची दिली आहे. चुंबळीशिवाय कवटी गडगडते, आणि सगळ्यात आधी मोडतो तो कानाखालचा बारीक सुळका, स्टायलॉइड प्रोसेस.

खरी आहे का?

नाही. ही रेझिनची आहे, साच्यातून काढलेली. पुण्यात अजूनही काही घरांतून सीनियरकडून ज्युनियरकडे आलेले जुने बोन सेट, म्हणजे अभ्यासाच्या खऱ्या हाडांचे संच, आहेत, त्यामुळे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. एके काळी भारतातून मानवी हाडं परदेशी मोठ्या प्रमाणावर जात असत. १९८५ साली सरकारने त्या निर्यातीवर बंदी घातली. आम्ही खरी हाडं विकतही नाही आणि विकतही घेत नाही. ज्या माणसाचं ते डोकं होतं त्याने देहदान केलं असेल तर ते महाविद्यालयाला केलं, दुकानाला नव्हे. खऱ्या हाडांवर शिकायची जागा म्हणजे तुमच्या कॉलेजचा डिसेक्शन हॉल, म्हणजे शवविच्छेदनाची खोली. घरी अभ्यासाला ही कवटी पुरते. आजीला घरात कवटी नको असेल तर तिला हे आधी सांगा, मग डबा उघडा.

लोकर कशासाठी दिली आहे

डब्यात लाल, निळी आणि पिवळी लोकर आहे. लाल रोहिणीसाठी, निळी नीलेसाठी, पिवळी मज्जातंतूसाठी. संपली तर तुळशीबागेत मिळते.

कवटीची टोपी काढा आणि आत बघा. तळाला तीन पायऱ्या दिसतील: कपाळामागची सगळ्यात उंच, मधली तिच्याखाली, मागची सगळ्यात खोल. मधल्या पायरीत, दोन्ही बाजूंना, एका ओळीत तीन भोकं आहेत. पुढचं गोल ते रोटंडम, मधलं लंबगोल ते ओव्हेल, आणि त्याच्या मागे बाहेरच्या अंगाला टाचणीच्या डोक्याएवढं स्पायनोसम. ओव्हेलमधून पिवळी लोकर खाली सोडा. ती खालच्या जबड्याकडे जाणारी मँडिब्युलर नर्व्ह. स्पायनोसममधून लाल लोकर खालून वर घ्या. ती मेंदूच्या आवरणाची रोहिणी, मिडल मेनिंजिअल आर्टरी. रोटंडममधली पिवळी लोकर मात्र खालून बघितलं तर दिसणार नाही. ती पुढे, वरच्या जबड्याच्या मागे निघते. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, कवटी उलटी धरून 'यात रोटंडम दाखव' असं विचारलं की मुलं गोंधळतात ती इथेच. लोकर एकदा स्वतः ओवली की गोंधळ उरत नाही.

हे सविस्तर सांगायचं कारण आहे. साच्यात रेझिन ओतलं की बारीक भोकं बुजतात. आमच्या सुरुवातीच्या कवट्यांमध्ये स्पायनोसमच्या जागी नुसता खळगा होता. एका विद्यार्थिनीने कवटी परत आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "काका, यातून रक्त कसं जाणार?" तेव्हापासून प्रत्येक कवटीचं प्रत्येक भोक आम्ही हाताने, बारीक ड्रिलने मोकळं करतो आणि लोकर ओवून बघतो. कवटी कुठूनही घ्या, पण विकत घेण्याआधी उजेडासमोर धरा. भोकातून उजेड दिसला पाहिजे.

एक वाट मात्र आमच्याही कवटीत आरपार नाही. चेहऱ्याचा मज्जातंतू आतल्या बाजूने कानाच्या हाडात शिरतो, हाडाच्या आत वळणं घेतो आणि स्टायलॉइड सुळक्याच्या मागच्या भोकातून बाहेर पडतो. आत जायची आणि बाहेर यायची जागा आम्ही दाखवली आहे. मधलं वळण साच्यात धरता येत नाही. त्याच हाडाच्या आत ऐकण्याची तीन हाडं असतात, त्यांतलं सगळ्यात लहान जेमतेम ३ मिलिमीटरचं. तीही या कवटीत नाहीत.

तळाशी फाटक्या कडांचं एक भोक दिसेल, फोरॅमेन लॅसेरम. ते आम्ही चुकून वेडंवाकडं ठेवलेलं नाही. जिवंत माणसात ते कूर्चेने भरलेलं असतं, आणि मानेतून मेंदूकडे जाणारी कॅरॉटिड रोहिणी त्यातून आरपार न जाता त्याच्या वरून जाते. जुगुलर फोरॅमेन, म्हणजे मेंदूतलं रक्त परत नेणाऱ्या नीलेचं भोक, दोन्ही बाजूंना सारखं नसेल तर तोही दोष समजू नका. उजवं बहुधा मोठं असतं.

कानशील

कवटी बाजूने धरा. गालाच्या कमानीच्या मध्यापासून सुमारे ४ सेंटिमीटर वर या. तिथे चार हाडं भेटतात: कपाळाचं, माथ्याचं, कानाचं आणि कवटीच्या तळाचं जतुकास्थी (स्फेनॉइड). आकृतीत ती सांध्याची रेघ इंग्रजी एचसारखी दिसते. या जागेला टेरिऑन म्हणतात. आता टोपी काढून आतून नखाने चाचपा. हाड इथे पातळ आहे, आणि आतल्या अंगाला एक चर गेली आहे. मघाशी स्पायनोसममधून वर घेतलेली लाल लोकर या चरीत बसवून बघा. नीट बसते.

म्हणजे पातळ हाड आणि त्याला आतून चिकटून रोहिणी. इथे मार बसून हाड तडकलं तर ती फाटते आणि हाड व मेंदूच्या आवरणामध्ये रक्त साचत जातं. असा माणूस कधी कधी थोडा वेळ शुद्धीवर असतो, बोलतो, 'काही झालं नाही' म्हणतो, आणि मग काही तासांत बेशुद्ध होतो. म्हणून कानशिलावर मार बसलेल्याला तो बरा दिसला तरी रुग्णालयात न्यायचं. आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांना ही जागा ओळखीची आहे: सुश्रुताने इथलं शंख मर्म सद्यःप्राणहर, म्हणजे मार लागला तर लगेच जीव घेणाऱ्या, मर्मांत मोजलं आहे.

आमचे बहुतेक गिऱ्हाईक दुचाकीवरून येतात. कवटी डिकीत ठेवा, हेल्मेट डोक्यावर घाला आणि पट्टा लावा. हे आम्ही दारात उभं राहून सांगतो, इथेही लिहितो.

टाळू

नवजात बाळाची कवटी वेगळी मागवावी लागते. बीएएमएस (आयुर्वेद) आणि नर्सिंगचे विद्यार्थी आणि क्वचित नव्याने आई होणाऱ्या मुलीही ती बघायला येतात. मोठ्या कवटीत एकच असलेलं कपाळाचं हाड इथे दोन तुकड्यांत आहे. माथ्यावरची पतंगाच्या आकाराची मोकळी जागा म्हणजे आपण जिथे तेल घालून टाळू भरतो ती. बाळ साधारण दीड वर्षाचं होईपर्यंत ती भरून येते. मागची छोटी तिकोनी जागा दोन-तीन महिन्यांतच. बाळंतपणात ही हाडं एकमेकांवर सरकतात, म्हणून डोकं बाहेर येऊ शकतं. जुलाबाने बाळातलं पाणी कमी झालं की टाळू खोल जाते, हे घरातल्या बायकांना पुस्तकाआधी ठाऊक असतं. मराठीत टाळू हाच शब्द तोंडाच्या छतालाही आहे, पण ते छत वेगळ्या हाडांचं: पुढे वरच्या जबड्याची, मागे पॅलाटाइन नावाच्या हाडांची. उत्तर लिहिताना कोणती टाळू ते स्पष्ट लिहा.

मोजदाद

हाडं २२: मेंदूभोवतीची ८, चेहऱ्याची १४. कानातली ६ आणि गळ्यातलं हायॉइड यात धरत नाहीत. हलणारं हाड एकच, खालचा जबडा. रंगीत कवटीत जतुकास्थी पिवळं आहे. जतुका म्हणजे वटवाघूळ. ते सुटं काढून पंख पसरलेलं बघितलंत की नाव विसरणार नाही. त्याच्या पाठीवर घोड्याच्या खोगिरासारखा खळगा आहे. पिट्युटरी ग्रंथी तिथे बसते.

जपणूक

ओल्या फडक्याने पुसा. थिनर, अॅसिटोन, उकळतं पाणी नको. उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवू नका, रेझिन पिवळं पडतं. नावं हाडावर लिहायची असतील तर पेन्सिलीने लिहा. मार्कर निघत नाही.

जबड्याची स्प्रिंग सैल झाली किंवा सुळका मोडला तर तुकडा कापसात गुंडाळून घेऊन या. समोर बसवून देतो. एक वर्षापर्यंत त्याचे पैसे घेत नाही.